वाटाण्याचा वेल, आगकाड्या आणि घटातले धान

भारतीय चित्रपटाचा जन्मदिवस कोणता, असे विचारले तर बहुतेक जण ३ मे १९१३ हा दिवस सांगतात. त्या दिवशी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. परंतु त्याआधी फाळक्यांनी जेमतेम मिनिटभराची एक फिल्म तयार केली होती. तिच्यात राजा नव्हता, विश्वामित्र नव्हता, तारामतीच्या वेशातले अण्णा साळुंकेही नव्हते. होता फक्त कुंडीत पेरलेला वाटाणा. तो रुजतो, कोंब वर काढतो आणि पाहता पाहता त्याचा वेल होतो, एवढीच तिची कथा. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ती ओळखली जाते. चित्रपटाच्या इतिहासात तिला एखाद-दुसरे वाक्य मिळते. विज्ञान शिकवणाऱ्यांनी मात्र तिच्याजवळ जरा थांबावे, असे आम्हाला वाटते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचे कलाभवन, गोध्र्याला छायाचित्रणाचा धंदा, पुराणवस्तू खात्यात नोकरी, मग छपाईचा व्यवसाय आणि १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी जर्मनीची वारी, असा त्यांचा प्रवास आहे. मध्येच ते जादूचे प्रयोगही करीत. फाळके हे नाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव त्यांनी घेतले होते. हे सारे वरवर विस्कळित दिसते. पण यातली प्रत्येक गोष्ट पुढे त्यांच्या कामी आली. काच, भिंग, रसायने, प्रकाश आणि प्रेक्षकाच्या डोळ्याला फसवण्याची युक्ती यांखेरीज चित्रपटाला त्या काळी दुसरे काय लागत होते?

सणासुदीला दाखवलेला एक चित्रपट या साऱ्याला निमित्त झाला. फाळक्यांनी गिरगावात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी दिसतील, हा ध्यास त्यांना लागला. काही पुस्तकांत हा प्रसंग १९१० च्या नाताळातला म्हणून दिला आहे, तर काहींत एप्रिल १९११ मधल्या ईस्टरचा. सण कोणताही असो, त्यानंतर ते जवळजवळ रोज चित्रपट पाहू लागले आणि घरी येऊन खेळण्यातल्या साधनांवर प्रयोग करू लागले. त्या ताणाने त्यांची दृष्टी काही काळ पार अधू झाली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसे चालते ते त्यांनी पाहिले आणि विल्यमसन कॅमेरा व फिल्मला भोके पाडायचे यंत्र यांची मागणी नोंदवून ते परतले.

अडचण पैशांची होती. विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या होत्या, घरात लहान मुले होती. अशा माणसाला भांडवल कोण देणार? तेव्हा आपल्याला ही विद्या खरोखर येते, हे दाखवण्यासाठी फाळक्यांनी वाटाणा पेरला. काही चरित्रांत हा प्रयोग लंडनच्या आधी येतो, काहींत नंतर. छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारखी मोजकी माणसे ती फिल्म पाहून प्रभावित झाली आणि मदतीला तयार झाली, हे मात्र दोन्हींत आहे. आपल्याकडच्या चित्रपटधंद्याचे पहिले तारण वाटाण्याचे एक रोप होते, असे म्हणायला हरकत नाही.

आता थोडे गणित. पुष्कळ लेखांत असे लिहिलेले असते की, फाळके महिनाभर रोज त्या रोपाचे एक चित्र घेत. वाचायला हे छान वाटते, पण हिशेबात बसत नाही. मूकपटाच्या काळात साधारणपणे सेकंदाला १६ चित्रे, म्हणजे चौकटी, पडद्यावर जात. रोज एक याप्रमाणे महिन्याच्या ३० चौकटी पुऱ्या दोन सेकंदही टिकत नाहीत. मिनिटभराच्या फिल्मला ६० × १६ = ९६० चौकटी लागतात. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात, म्हणून तिची लांबी ६० फूट होईल. ९६० चौकटी ३० दिवसांत वाटल्या तर दिवसाला ३२ येतात. म्हणजे रात्रंदिवस चित्रण चालू असेल तर दर ४५ मिनिटांनी एक, आणि फक्त दिवसाउजेडी केले असेल तर साधारण दर २२ मिनिटांनी एक. महिनाभर! ‘रोज एक’ म्हणताना फाळक्यांचे कष्ट आपण बत्तीस पटींनी कमी करून सांगतो.

आणखी एक शक्यता आहे. हाताने फिरवायच्या त्या कॅमेऱ्याच्या दांड्याला एक फेरा दिला की बहुधा आठ चौकटी पुढे सरकत. सेकंदाला दोन फेरे, म्हणून १६ चौकटी. आता दिवसातून चार वेळा कुंडीपाशी जाऊन एकेक पूर्ण फेरा दिला तर ४ × ८ = ३२ चौकटी होतात आणि हिशेब जुळतो! पण मग पडद्यावर रोप अर्धा सेकंद निश्चल राहील, मग एकदम उडी मारील, पुन्हा निश्चल राहील. वाढ दिसेल, पण ती घड्याळाच्या काट्यासारखी टिकटिकत. सलग वाढ हवी असेल तर दांडा दर वेळी एक अष्टमांशच फिरवायला हवा. काही कॅमेऱ्यांना यासाठी वेगळा आस असे, एका फेऱ्याला एकच चौकट देणारा. फाळक्यांनी यांपैकी काय केले, हे ती फिल्म पाहूनच सांगता आले असते, आणि ती आज उपलब्ध नाही. मात्र दोन्ही पद्धतींचे गणित वर्गात मांडता येते. गुणाकार-भागाकाराला इतके रसाळ उदाहरण सहसा मिळत नाही.

वनस्पतींच्या बाजूने पाहिले तर प्रश्न अधिक गहिरा होतो. वेल नुसता वर चढत नाही. त्याचे शेंडे आणि तणावे हवेत गोल गोल फिरत आधार शोधतात. चार्ल्स डार्विनने हे फिरणे बारकाईने मोजले होते. रोपावर काच धरायची, शेंडा जिथे दिसेल तिथे काचेवर ठिपका द्यायचा, वेळ लिहायची, पुन्हा काही मिनिटांनी ठिपका, आणि शेवटी ठिपके जोडायचे. १८८० साली आलेले त्याचे वनस्पतींच्या हालचालींवरचे पुस्तक अशा ठिपक्यांच्या नकाशांनी भरलेले आहे. कॅमेरा नसलेल्या माणसाने केलेले हे चौकटीचौकटींचे चित्रणच होय. वाटाण्याच्या तणाव्याला एका फेरीला साधारण दीड तास लागतो. आता दर ४५ मिनिटांनी चौकट घेतली तर एका फेरीत दोनच चौकटी येतील, आणि तणावा पडद्यावर फिरताना न दिसता डावीकडून उजवीकडे उड्या मारताना दिसेल. दर दीड तासाने घेतली तर तो फिरतो आहे हेच कळणार नाही. सिनेमात बैलगाडीचे चाक कधी उलटे फिरताना दिसते, ते याच कारणाने. निरीक्षण किती वेळाने घ्यायचे हे ठरवताना, जे पाहायचे त्याचा वेग आधी अदमासाने ठाऊक असावा लागतो. हा धडा आम्हाला प्रयोगशाळेत पुष्कळ उशिरा शिकवला गेला.

रात्रीचा प्रश्न निराळा. दिवाच नसेल तर चित्र नाही, पण रोप रात्रीही वाढते. फक्त दिवसा चित्रण केलेल्या फिल्ममध्ये दर पहाटेला रोप एक हिसका देऊन वर येईल. महिन्याच्या फिल्ममध्ये असे तीसेक हिसके. शिवाय सूर्य सरकतो, ढग येतात, म्हणून एक चौकट उजळ आणि दुसरी काळपट. पडद्यावर हे सारे झगमगाटासारखे दिसते. त्या काळची फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती, तेव्हा संध्याकाळचा तांबूस उजेड डोळ्याला पुरेसा वाटला तरी फिल्मला पुरत नसे. उजेडाचा हिशेब अनुभवाने आणि वहीत टिपून ठेवूनच करावा लागे.

हे काम जगात एकटे फाळकेच करीत होते असे नाही. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसावे शतक सरतानाच रोपांच्या हालचालींचे असे चित्रण केले होते. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांची फुले उमलण्याची फिल्म १९१० साली लोकांसमोर आली. आपल्याकडे जगदीशचंद्र बसू थोड्याच वर्षांत क्रेस्कोग्राफ बनवून रोपाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणार होते. बसूंनी अंतर ताणले, कॅमेऱ्याने काळ आवळला. तीस दिवस एका मिनिटात बसवणे म्हणजे काळ ४३,२०० पटींनी आवळणे. फरक असा की, फेफर आणि बसू यांच्यामागे विद्यापीठे आणि प्रयोगशाळा होत्या. फाळक्यांच्या मागे सरस्वतीबाई होत्या.

हे वाक्य केवळ गौरवापोटी लिहिलेले नाही. तेव्हा कोरी फिल्म भोके न पाडलेली येई. दोन्ही कडांना समान अंतरावर भोके पाडणे हे अंधाऱ्या खोलीत, हाताने करायचे काम होते, आणि सरस्वतीबाईंनी ते शिकून घेतले. फिल्म धुणेही त्या शिकल्या. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करून, दिवसा उन्हात पांढऱ्या चादरी धरून आणि रात्री भोके पाडून त्यांनी हा संसार चालवला. भोक केसभर जरी सरकले तरी ती चौकट पडद्यावर वरखाली उडते. नट धावपळ करीत असेल तर हे खपून जाते. स्थिर कुंडीतले रोप मात्र मिनिटभर थरथरत राहील. सावकाश घडणाऱ्या गोष्टीच्या चित्रणाला अचूकपणा अधिक लागतो, कमी नव्हे.

आतापर्यंत आपण पाहिले त्यात वस्तू स्वतःच हलत होती, फक्त फार सावकाश. तीच युक्ती आणखी एक पाऊल पुढे नेली की स्टॉप-मोशन होते. वस्तू निर्जीव असते, दोन चौकटींच्या मधे आपणच ती थोडी सरकवतो, हात बाजूला घेतो आणि मग चौकट घेतो. या दोन युक्त्यांचे नाते लादिस्लास स्तारेविच याच्या गोष्टीत फार छान दिसते. हा लिथुआनियातल्या कौनास येथील संग्रहालयाचा संचालक आणि कीटकांचा अभ्यासक. त्याला शिंगवाल्या भुंगेऱ्यांची झुंज चित्रित करायची होती. पण दिवे लावले की ते निशाचर जीव गप्प पडून राहत. शेवटी त्याने मेलेल्या भुंगेऱ्यांच्या पायांना तार आणि मेण लावले व १९१० साली चौकटीचौकटीने झुंज घडवली. निसर्गाचे चित्रण जमले नाही, म्हणून एक कला हाती लागली! थोड्याच वर्षांत त्याने कीटकांच्या नाताळाची फिल्म केली. तिच्यात झाडावर टांगलेला बाहुला खाली उतरून रानातल्या किड्यांसाठी आणि बेडकासाठी सण साजरा करतो. सणावारी दाखवायच्या बाहुलीपटांच्या मोठ्या परंपरेतला हा अगदी आरंभीचा नमुना आहे.

फाळकेही या पायरीवर आले, पण वेगळ्या कारणाने. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले, कच्च्या फिल्मचा आणि पैशाचा ओघ आटला. मोठे पौराणिक चित्रपट काढणे कठीण झाले, तेव्हा त्यांनी छोट्या फिल्मकडे मोर्चा वळवला. १९१५ च्या सुमाराची ‘आगकाड्यांची मौज’ ही त्यांतली एक. काड्यापेटीतल्या काड्या आपोआप हलतात, आकार धरतात, हा तिचा विषय. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली काड्यांचा असा खेळ पडद्यावर आणला होता, म्हणजे कल्पना नवी नव्हती. पण निवड शहाणपणाची होती. काडीला वेश लागत नाही, जेवण लागत नाही, तिचे भाडे नाही. मिनिटभराच्या मौजेसाठी ६० फूट फिल्म, एक टेबल, एक दिवा आणि शेकडो वेळा तीच काडी नखभर सरकवण्याची चिकाटी पुरे. वाटाण्याने जी चिकाटी शिकवली तीच इथे कामी आली. ‘प्रोफेसर केळफा’ इथे पुन्हा भेटतात, हेही उघड आहे. पुढे ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) या चित्रपटांतल्या चमत्कारांनी लोक थक्क झाले, त्यांची तालीम आम्हाला या टेबलावरच्या खेळांत दिसते.

‘आगकाड्यांची मौज’ही आज नाही. मूकपटांची फिल्म नायट्रेटची असे. ती भडकन पेट घेई, आणि पेटली नाही तरी वर्षानुवर्षांच्या उष्म्यात व दमटपणात कुजून तिची भुकटी होई. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, म्हणजे फाळके नाशकात वारले त्याला (१६ फेब्रुवारी १९४४) वीस वर्षे होऊन गेल्यावर. तिथले पी. के. नायर यांनी धडपडून फाळक्यांच्या चित्रपटांचे जे तुकडे मिळवले, त्यांत चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारी एक छोटी फिल्मही आहे, आणि तिच्यात स्वतः फाळके काम करताना दिसतात. आपली विद्या लोकांना उघड करून दाखवावी असे त्यांना वाटत होते, ही गोष्ट शिक्षकांना विशेष वाटावी. सर्वसाधारण जादूगार असे करीत नाही.

आमच्या खानदेशाचा या साऱ्याशी थेट संबंध नाही, आडवळणाने आहे. पाचोऱ्याहून मुंबईच्या गाडीत बसले की वाटेत चाळीसगाव लागते. तिथे केकी मूस हे छायाचित्रकार राहत. जन्म १९१२, म्हणजे फाळक्यांच्या धडपडीच्याच वर्षातला, मृत्यू १९८९. घराबाहेर फारसे न पडता त्यांनी टेबलावर घरगुती वस्तूंतून लहानसे जग उभे करून त्याची छायाचित्रे घेतली, आणि ही ‘टेबल-टॉप’ चित्रे देशोदेशी वाखाणली गेली. त्या चित्रांत स्टॉप-मोशनची सारी तयारी आहे, फक्त दुसरी चौकट नाही. बाहुल्या हलवण्याची ती दुसरी चौकट घेणारे आज मुंबईत आहेत. सुरेश एरियत यांचा ‘टोकरी’ हा टोपल्या विकणाऱ्या मुलीचा बाहुलीपट २०१७ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचा एक मानकरी ठरला.

पण शाळेपुरते बोलायचे तर फाळक्यांचा वाटाणा आज कुणालाही पेरता येतो. नवरात्र त्यासाठी सोयीचे आहे. घटाभोवतीच्या मातीत गहू, ज्वारी पेरायची आपली रीत आहेच, आणि नऊ दिवसांत ते धान वीतभर वर येते. एखाद्याच्या देवघरात कॅमेरा लावणे काही घरांना रुचणार नाही. म्हणून पाचोऱ्याच्या काही शिक्षकांबरोबर आम्ही वर्गाच्या कोपऱ्यात दुसरी टोपली भरून हा प्रयोग केला. जुना मोबाइल विटांच्या चळतीत घट्ट बसवला, चार्जर लावून ठेवला, आणि उजेडाची मापे कायम राहतील अशी व्यवस्था केली. रात्रीसाठी छोटा दिवा. दर १५ मिनिटांनी एक चित्र, म्हणजे दिवसाला ९६ आणि नऊ दिवसांत ८६४. सेकंदाला १६ प्रमाणे दाखवली तर ५४ सेकंद. फाळक्यांच्या फिल्मएवढीच!

पहिला दीड दिवस काहीच घडत नाही, आणि मुले कंटाळतात. ते आठ-नऊ सेकंद कापून टाकावे असे त्यांना वाटते, पण कापू देऊ नयेत, बी त्या वेळी पाणी पीत असते. मग मातीला भेगा पडतात, ढेकूळ उचलले जाते, आणि पांढुरके कोंब एकाच वेळी डोके वर काढतात. एखाद्या चौकटीत मुंगी, एकीत पाणी घालणारा हात. वीज गेली तिथे काळी चौकट. एका मुलीने घरून आणून रोज एक याप्रमाणे टोपलीवर झेंडूच्या माळा बांधल्या. फिल्ममध्ये दर सहा सेकंदांनी वरून एक माळ उतरते, त्यामुळे दिवस मोजायला वेगळे घड्याळ लागत नाही, आणि आधीच्या माळा खाली सुकत जाताना दिसतात.

पुढच्या वेळी दोन टोपल्या ठेवाव्या असे आम्ही ठरवले आहे, एक खिडकीजवळ आणि एक अंधाऱ्या खोलीत समईपाशी. देवघरातले धान पिवळे का राहते, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न. हरितद्रव्य तयार व्हायला उजेड लागतो, हे पाठ असलेले उत्तर झाले. दुसरा प्रश्न अधिक चांगला आहे. कोंब उजेडाकडे वळतात ते मुख्यतः निळ्या प्रकाशामुळे, आणि समईच्या ज्योतीत निळा भाग अगदी थोडा असतो. मग नऊ दिवस अखंड तेवणाऱ्या समईकडे कोंब वळतील, की दाराच्या फटीतून दिवसा येणाऱ्या उजेडाकडे? मुलांनी आधी अंदाज वहीत लिहावेत, आणि दाराची फट व समई टोपलीच्या समोरासमोर येतील अशी मांडणी करावी.